ऑइल बदललं, पण पट्टी बघितली का?

श्रोतेहो, नमस्कार.

ऑइल बदलून गाडी गॅरेजबाहेर काढताना आपण मेस्त्रींना एकच प्रश्न विचारतो, "किती लिटर घातलं?" ते म्हणतात साडेतीन. आपण पैसे देतो आणि निघतो. खरं तर विचारायला हवं ते असं, की इंजिन चालवून, थांबवून, मग पट्टी बघितली का? डब्यातून किती ओतलं यावरून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, किती आहे हे कळत नाही. का कळत नाही आणि मग बघायचं कसं, एवढंच आजचं बोलणं.

पट्टी म्हणजे डिपस्टिक. आपल्याकडे कुणी तिला गेज म्हणतं, कुणी कांडी. तिच्या टोकाला दोन खुणा असतात. कुठे खाचा, कुठे बारीक भोकं, कुठे दोन रेघांमध्ये जाळीसारखी नक्षी. खालची खूण किमान, वरची कमाल. काही गाड्यांवर नुसती इंग्रजी अक्षरं असतात, वर 'एफ' म्हणजे फुल आणि खाली 'एल'. हा 'एल' म्हणजे लेव्हल नव्हे, लो. ऑइल त्या रेघेवर आलं म्हणजे घालायची वेळ झाली. बहुतेक मोटारींत या दोन खुणांमध्ये साधारण 1 लिटर ऑइल बसतं, लहान इंजिनात त्याहून कमी. तुमच्या गाडीचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. तो शोधून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता डब्याचं माप का फसतं ते बघू. पुस्तकात फिल्टरसह साडेतीन लिटर लिहिलंय असं धरा. जुनं ऑइल सोडताना इंजिन गार होतं, किंवा गाडी उतारावर उभी होती, किंवा चेंबरच्या तळाचा नट काढून पाच मिनिटांतच परत लावला, तर पाव लिटरभर जुनं ऑइल आतच राहतं. त्यावर मोजून साडेतीन ओतलं की पाव लिटर जास्त झालं. दुसरी गंमत उलटी आहे. नवा फिल्टर कोरडा असतो. मोटारीचा फिल्टर साधारण 200 ते 400 मिली ऑइल पोटात घेतो, पण इंजिन चालू होऊन पंप फिरल्याशिवाय त्यात काही जात नाही. म्हणून ओतल्या ओतल्या पट्टी काढली तर ऑइल वरच्या खुणेपर्यंत, कधी तिच्याही वर दिसतं, आणि मिनिटभर इंजिन चाललं की खाली बसतं. पहिलं वाचन असं फसवं असतं. ते फक्त चेंबर रिकामं नाही ना, एवढं बघण्यापुरतं.

तेव्हा क्रम असा. पुस्तकात दिलेल्या मापातून अर्धा लिटर हातचं राखून बाकीचं ओता. दोन-तीन मिनिटं थांबा, पट्टी खालच्या खुणेच्या वर आहे एवढं बघा. मग इंजिन चालू करा, पण ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा कोरड्या फिल्टरमुळे नेहमीपेक्षा क्षणभर जास्त राहील. पण दहा सेकंदांत गेला नाही तर लगेच बंद करा. दिवा गेला की इंजिन नुसतं एक-दोन मिनिटं चालू द्या आणि तेवढ्यात खाली वाकून फिल्टरची कड आणि चेंबरचा नट बघून घ्या. इथे एक जुनी खोड सांगायलाच हवी. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ती न बघता नवा फिल्टर लावला की रबरावर रबर बसतं, आणि दाब वाढला की मधून ऑइलची चिळकांडी उडते. नवा फिल्टर लावताना त्याच्या रिंगला बोटाने ऑइल लावायचं, रिंग टेकली की हातानेच आणखी पाऊण फेरा. पान्याने आवळायचा नाही.

आता इंजिन बंद. पाच ते दहा मिनिटं थांबा. इंजिनाच्या डोक्याकडचं ऑइल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं, आणि नेमका किती वेळ थांबायचं ते प्रत्येक कंपनी आपल्या पुस्तकात देते. बंद केल्या केल्या बघाल तर ऑइल कमी दिसेल, तुम्ही वर ओताल, आणि अर्ध्या तासाने ते जास्त झालेलं असेल.

जागा सपाट हवी हे सगळे सांगतात, पण सपाट म्हणजे काय? आपल्या बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्ल्यांना गटारीकडे उतार असतो. पेट्रोल पंपाची फरशीसुद्धा पाणी निघून जावं म्हणून एका बाजूला उतरती असते. तेव्हा डोळ्यावर विश्वास ठेवू नका. एकदा पट्टी वाचा, गाडी वळवून त्याच जागी उलट तोंडाने उभी करा, थांबा आणि पुन्हा वाचा. दोन्ही वाचनं सारखी आली तर जागा सपाट. नाही आली तर खरी पातळी दोन्हींच्या मध्ये कुठे तरी आहे असं समजा. हे एकदाच करायचं. मग ती जागा कायमची ठरवून टाका.

पट्टी वाचायची कशी, हे ऐकायला फार सोपं वाटतं. पहिल्यांदा बाहेर काढली की तिच्यावरचं ऑइल वाचायचंच नाही, कारण गाडी हलताना उडालेलं ऑइल वरपर्यंत लागलेलं असतं. धागे न सुटणाऱ्या सुती फडक्याने पुसा, ठोक लागेपर्यंत आत दाबा, सरळ बाहेर काढा. टोक खाली ठेवा. वर केलं तर ऑइल पट्टीवरून मागे धावतं आणि सगळं फुल दिसतं. ऑइल बदलल्यानंतर खरी अडचण वेगळीच असते. नवं ऑइल पातळ मधासारखं पिवळसर असतं आणि चकचकीत पट्टीवर ते दिसतच नाही. पट्टी उजेडात थोडी तिरकी धरा. ओला भाग चमकतो, कोरडा भाग मळकट दिसतो. तरी कळेना तर पांढऱ्या कागदावर पट्टी आडवी टेकवून उचला. ऑइल जिथवर आहे तिथवर डाग उमटतो, तो खुणांशी ताडून बघा. पट्टीच्या दोन्ही बाजू बघा. एका बाजूला जास्त आणि दुसरीला कमी दिसलं तर कमी दिसणारी बाजू खरी माना. नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल पट्टीच्या एका अंगाला पुसलं जातं, म्हणून हा फरक पडतो.

आता तो चिकटवलेला आकडा. दोन खुणांत 1 लिटर बसत असेल आणि ऑइल बरोबर मध्यावर दिसत असेल, तर वरच्या खुणेला अर्धा लिटर हवं. पण सगळं एकदम ओतू नका. आधी 300 मिली, पाच मिनिटं दम, पुन्हा पट्टी. वरच्या खुणेच्या किंचित खाली आलं की डबा बंद करा. उरलेलं ऑइल फुकट जात नाही, पुढे वर घालायला लागतंच. एक फरक मात्र ध्यानात असू द्या. तेल तापलं की फुगतं. साडेतीन लिटर ऑइल सकाळच्या गारव्यातून 60 अंशांनी तापलं की जवळजवळ 150 मिलीने वाढतं. म्हणून गार इंजिनावरचं वाचन गरम वाचनापेक्षा थोडं खाली येणारच. गार बघायचं की गरम, ते पुस्तकाप्रमाणे ठरवा आणि दर वेळी तसंच बघा.

आपल्याकडे दूध असो की शेंगा, मापावर वरताळा मिळाला की माणूस खूश. ऑइलला हा हिशेब चालत नाही. "थोडं जास्त असलेलं बरं" हे वाक्य गॅरेजात मराठीत, कन्नडमध्ये, उर्दूत, तिन्ही भाषांत ऐकू येतं आणि तिन्ही भाषांत ते चूकच आहे. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो चेंबरच्या वरचा दांडा, मिनिटाला हजारो फेरे घेतो. ऑइलची पातळी त्याच्या वजनांपर्यंत चढली की तो ऑइल घुसळायला लागतो, रवीने ताक घुसळावं तसं. फेस होतो. फेस म्हणजे अर्धी हवा, आणि हवेने बेअरिंगला वंगण मिळत नाही. पंपाचा दाब खालीवर होतो, व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट वाजायला लागतात. शिवाय चेंबरमधली वाफ बाहेर काढणारा जो ब्रीदर पाइप असतो, त्यातून ऑइल हवेच्या वाटेने परत इंजिनात ओढलं जातं. निळसर धूर, काळे पडलेले प्लग, कालांतराने खराब झालेला सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर, हे सगळं त्यातून येतं. डिझेल गाडीत तर फार ऑइल ओढलं गेलं की इंजिन त्याच ऑइलवर भरधाव सुटू शकतं, आणि चावी बंद करूनही ते थांबत नाही.

जास्त झालंच तर काढायचं कसं? इंजिन कोमट असताना मेडिकलमधली 50 मिलीची मोठी सिरिंज घ्या, तिला पट्टीच्या नळीत उतरेल अशी बारीक, जरा ताठ प्लास्टिकची नळी जोडा आणि ओढून घ्या. चार-पाच सिरिंजमध्ये पाव लिटर निघतं. चेंबरचा नट सैल करून काढायला गेलात तर ऑइल बोटांवरून मनगटाकडे येतं, हवं त्यापेक्षा जास्त जातं आणि वायसरही नवा लागतो.

दुचाकीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. पुस्तकात ऑइलचे दोन आकडे असतात, एक नुसतं बदलताना आणि दुसरा इंजिन पूर्ण उघडल्यावर. दुसरा जास्त असतो. बाजारात पाकीट 800 मिली, 900 मिली, 1 लिटर असं मिळतं आणि पाकीट फोडलं की ते सगळं ओतायची सवय आहे. इथे दोन खुणांमधलं अंतर छोटं असतं, त्यामुळे 100 मिली जास्त झालं तरी खूप झालं. गाडी मेन स्टँडवर घ्या, तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. मग मुख्य मुद्दा. स्प्लेंडर, ॲक्टिवा यांसारख्या गाड्यांत पट्टी झाकणालाच जोडलेली असते आणि मोजताना झाकणाचे आटे लावायचे नसतात, नुसतं टेकवायचं. आटे लावून बघितलं तर पट्टी जास्त खोल जाते, ऑइल पुरेसं दिसतं आणि आत ते कमी असतं. काही गाड्यांत याच्या उलट, आटे पूर्ण लावूनच मोजायचं असतं. पुस्तक बघितल्याशिवाय सुटका नाही. ज्यांना उजव्या अंगाला काचेची खिडकी आहे, त्यांनी गाडी साइड स्टँडवर असताना तिच्यात डोकावू नये. गाडी डावीकडे कलते, ऑइल तिकडे जातं आणि खिडकी रिकामी दिसते. आणि मोटारीचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये घालू नका. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो, तो घसरायला लागतो.

ट्रॅक्टरवाल्यांची सवय चांगली आहे, रोज सकाळी चालू करण्याआधी पट्टी बघतात. फक्त ट्रॅक्टर शेतातच उभा असेल आणि एक चाक सरीत असेल, तर ते वाचन धरू नका. ऊसतोडीच्या दिवसांत चिकोडी-निपाणीकडे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतो, तेव्हा ऑइल बदलल्यावर पहिले दोन दिवस पट्टी दोनदा बघा. डिझेल इंजिनात नवं ऑइल तासाभरात काळं पडतं. म्हणून "मेस्त्रीने बदललंच नाही" अशी शंका रंगावरून घेऊ नका.

लाल दिव्यावर विसंबू नका. तो ऑइलचा दाब सांगतो, पातळी नाही. पातळी बरीच खाली गेली तरी सपाट रस्त्यावर तो गप्प असतो. मग स्तवनिधीच्या घाटात, किंवा गोव्याला जाताना जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाच्या वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि दिवा लुकलुकतो. तेव्हा गाडी बाजूला घेऊन बंदच करायची, गोवा गाठायची घाई करायची नाही.

आणखी एक बघायचं. काही न घालता पट्टीवरचं ऑइल आपोआप वाढत असेल तर आनंद मानू नका. वास घ्या. पेट्रोल किंवा डिझेल मिसळत असेल तर वास येतो आणि ऑइल बोटांत पाण्यासारखं लागतं. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर रेडिएटरचं पाणी आत जातंय, गाडी चालवू नका. मात्र पावसाळ्यात खानापूर भागात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते. ती दमटपणाची असते. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल तर साय पुसून गाडी एकदा अर्धा तास सलग चालवा.

ऑइल बदललं त्या रात्री गाडीखाली जुना पेपर किंवा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी चालू करण्याआधी पट्टी बघा, मग पुठ्ठा ओढून बघा. रुपयाएवढा ताजा डाग असेल तर तो नटाच्या खाली आहे की फिल्टरच्या, ते बघून त्याच दिवशी गॅरेज गाठा. डाग नसेल तर पट्टीवर दिसलेली पातळी आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि 500 किलोमीटरनंतर त्याच जागी गाडी उभी करून पुन्हा पट्टी काढा.