जी मगर मगर नव्हतीच

नमस्कार मंडळी. आज जरा देवघरापासून सुरुवात करूया. तुमच्याकडे शाळीग्राम असेल तर उद्या पूजेच्या वेळी नीट निरखून बघा, काळाभोर गुळगुळीत दगड, आणि एखाद्याला फुटलेल्या बाजूने आत गोल गोल वळणं दिसतात. आजी म्हणायची ते विष्णूचं चक्र. तर ते चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जिवाच्या शंखाचा ठसा आहे. शाळीग्राम येतात नेपाळातल्या गंडकी नदीतून, आणि हिमालय उभा राहायच्या आधी तिथे समुद्र होता, म्हणून. तुळशीचं पान आपण वाहतो ते एका फॉसिलवर, यात मला तरी काही वावगं वाटत नाही, उलट भारीच वाटतं.

हेच अमोनाइट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाच्या छोट्या गावात ढिगाने मिळतात. तिथले लोक त्यांना सापदगड म्हणायचे. तिकडे उत्तरेला व्हिटबीत तर कारागीर त्यावर सापाचं तोंड कोरून विकायचे, म्हणजे गिऱ्हाईकाला जे बघायचंय ते दाखवायचं, धंदा आहे शेवटी. लाइममध्ये रिचर्ड ॲनिंग नावाचा एक सुतार होता, तो असले दगड गोळा करायचा आणि दुकानाबाहेर टेबल मांडून हवा खायला आलेल्या पाहुण्यांना विकायचा. त्याची मुलगी मेरी, जन्म २१ मे १७९९. आजची गोष्ट तिची आणि तिने काढलेल्या प्राण्यांची.

मेरी सव्वा वर्षाची असताना गावात घोडेस्वारीचा खेळ आला होता, शेजारची एक बाई तिला कडेवर घेऊन बघायला गेली, पाऊस आला म्हणून बायका झाडाखाली थांबल्या आणि वीज पडली. तिघी जागीच गेल्या. पोर वाचली. गावकरी म्हणायचे आधी ही अगदी मलूल होती, वीज पडल्यानंतर चुणचुणीत झाली. आता हे खरं किती नि रंगवलेलं किती देव जाणे, पण गावाला गोष्ट लागतेच ना.

१८१० साली बाप गेला, मागे राहिलं कर्ज. आई, थोरला भाऊ जोसेफ आणि मेरी. बाकीची बरीच भावंडं लहानपणीच दगावली होती. मग पोटासाठी तोच धंदा. आणि हा धंदा काही किनाऱ्यावर शिंपले वेचण्याइतका सोपा नव्हता बरं का. तिथले कडे म्हणजे चुनखडी आणि चिकणमातीच्या खडकाचे एकावर एक थर, सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा गाळ. हिवाळ्यात वादळं आली, पाऊस झाला की दरडी कोसळतात आणि आतलं उघडं पडतं. म्हणजे माल मिळायचा सीझन तोच आणि जीव जायचा सीझनही तोच. त्यात भरती येते, आज दिसलेलं हाड उद्या समुद्राने नेलेलं असतं, तेव्हा ऊन पडल्यावर बघू असं म्हणून चालत नाही.

१८११ साली जोसेफला कड्यात एक डोकं दिसलं. चार फूट लांब जबडा, दातांची रांग, आणि बशीएवढा डोळा. मगर असणार असंच सगळ्यांना वाटलं. बाकीचं धड काही दिसेना. पुढच्या वर्षी मेरीला ते सापडलं, तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची. मजूर लावून तो खडक काढला, एकूण लांबी सतरा फूट.

आता हिशोब ऐका. गावच्या जमीनदाराने, हेन्ली त्याचं नाव, हे सगळं सुमारे तेवीस पौंडांना घेतलं. तिथून ते लंडनला बुलक नावाच्या माणसाच्या म्युझियममध्ये गेलं, लोक तिकीट काढून बघायला यायचे. १८१९ साली लिलाव झाला तेव्हा ब्रिटिश म्युझियमने ते पंचेचाळीस पौंड पाच शिलिंगला उचललं, कॅटलॉगमध्ये लिहिलं होतं मगर, दगड झालेली. कांद्याचं कसं होतं आपल्याकडे, शेतात एक भाव आणि मंडईत दुसरा, तसंच हे, फक्त माल वीस कोटी वर्षं जुना.

आणि मगर तर ती नव्हतीच! एव्हरार्ड होम नावाचे मोठे सर्जन, १८१४ पासून त्यांनी या हाडांवर पेपरवर पेपर लिहिले, एकदा म्हणाले माशाच्या जवळचं आहे, मग म्हणाले प्रोटियस नावाचा एक पाण्यातला सॅलमँडर आणि सरडा यांच्या मधलं काहीतरी, त्यावरून नावही ठेवलं प्रोटिओसॉरस. तोवर ब्रिटिश म्युझियमच्या क्योनिग यांनी सुचवलेलं इक्थिओसॉरस चालू झालं होतं, अर्थ मासा-सरडा, तेच टिकलं. मी होमसाहेबांना हसत नाहीये. विचार करा, तोंड डॉल्फिनसारखं, मणके माशासारखे, छातीची हाडं सरड्यासारखी, आणि डायनोसॉर हा शब्दच अजून जन्माला यायचा होता, तो आला १८४२ मध्ये. त्यांच्या जागी आपण असतो तर काय दिवे लावले असते?

इथे एक गोष्ट सांगूनच टाकतो, इक्थिओसॉर म्हणजे डायनोसॉर नव्हे. जमिनीवरच्या सरपटणाऱ्या प्राण्यांची एक शाखा परत पाण्यात गेली, तिथेच राहिली. हवा घ्यायला वर यायचे. अंडी घालायला किनाऱ्यावर येत नसत, पिल्लंच द्यायचे, पोटात पिल्लं असलेल्या माद्यांची फॉसिल्स सापडली आहेत.

तसं बघितलं तर समुद्री राक्षसांची सुरुवात लाइमपासून झालेली नाही. त्याच्या आधी हॉलंडमध्ये मास्ट्रिक्टजवळ डोंगराच्या पोटातल्या दगडाच्या खाणीत मजुरांना प्रचंड जबडे सापडले होते, पहिला १७६० च्या दशकातला, तो हार्लेमच्या टायलर्स म्युझियममध्ये आहे. दुसरा जास्त गाजला कारण १७९४ साली फ्रेंच सैन्याने गाव घेतलं आणि जबडा उचलून पॅरिसला नेला. तो शोधून देणाऱ्या सैनिकांना दारूच्या सहाशे बाटल्या बक्षीस दिल्या अशी गोष्ट फार चवीने सांगतात, इतिहासकारांचा आता तिच्यावर विश्वास नाही, पण ऐकायला मजा येते. कुणी म्हणालं मगर, कुणी म्हणालं देवमासा. शेवटी पॅरिसचे प्राणितज्ज्ञ कुव्हिए यांनी १८०८ साली शिक्कामोर्तब केलं की हा समुद्रातला अजस्र सरडा आहे, घोरपडीच्या नात्यातला. म्हणजे आपल्या यशवंतीची लांबची आत्या म्हणा! त्याला पुढे मोसासॉरस नाव मिळालं आणि तो जबडा अजून पॅरिसलाच आहे.

कुव्हिए म्हणजे त्या काळातला शेवटचा शब्द. आणि तोच माणूस मेरीच्या बाबतीत चुकला. डिसेंबर १८२३ मध्ये तिने एक पूर्ण सांगाडा काढला, असा प्राणी आधी कुणी अख्खा पाहिलेलाच नव्हता. कासवासारखं रुंद धड, चार वल्ही, इवलंसं डोकं आणि मान संपतच नाही, पस्तीसच्या आसपास मणके नुसत्या मानेत. आपल्या मानेत सात असतात, जिराफाच्याही सातच. कुव्हिए यांनी चित्र पाहिलं आणि शंका काढली की दोन प्राण्यांची हाडं जोडून हे बनवलंय. विचार करा, हातावर पोट असलेली बाई, धंदा सगळा विश्वासावर, आणि पॅरिसमधला सर्वात मोठा तज्ज्ञ म्हणतोय माल बनावट आहे. हे खरं ठरलं असतं तर ॲनिंगांचं दुकान त्याच दिवशी बंद.

मग फेब्रुवारी १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत सभा भरली. सांगाडा बोटीने येत होता, वाऱ्यामुळे बोट इंग्लिश खाडीत अडकली. आला एकदाचा, तर ती शिळा एवढी मोठी की दिवसभर झटापट करूनही जिन्यातून वर जाईना. नवीन फ्रीज घेतल्यावर आपल्या चाळीत जे नाटक होतं ना, अगदी तेच. शेवटी खाली बोळातच उघडून बघितली. सांगाडा अस्सल निघाला आणि कुव्हिए यांनी चूक कबूल केली, हे त्यांचं मोठेपण मानायला हवं. कॉनिबेअर या पाद्रीबुवांनी या लांब मानेच्या प्राण्यावर, म्हणजे प्लेसिओसॉरसवर, भाषण दिलं. त्याच सभेत ऑक्सफर्डचे भूगर्भतज्ज्ञ बकलंड यांनी मेगॅलोसॉरस जाहीर केला, म्हणजे शास्त्रीय नाव मिळालेला पहिला डायनोसॉर. काय ती संध्याकाळ असेल!

आणि त्या अख्ख्या भाषणात मेरीचं नाव नाही. ती सभेलाही नव्हती, बायकांना तिथे सभासदच होता येत नव्हतं, ते व्हायला १९१९ उजाडलं. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. बाई अशिक्षित वगैरे नव्हती हो, शाळा फार नाही झाली, पण दुसऱ्यांचे शास्त्रीय पेपर मिळवून हाताने उतरवून काढायची, चित्रांसकट. मासे, माकूळ कापून बघायची आत काय कसं आहे ते. सांगाड्यांच्या पोटापाशी मिळणारे काही दगड फोडले की आत माशांचे खवले आणि हाडं निघतात हे तिने पाहून ठेवलं होतं, त्यावरून बकलंड यांनी १८२९ मध्ये सांगितलं की ही विष्ठा आहे, दगड झालेली, आणि नाव दिलं कोप्रोलाइट. हसू नका. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा गावात डायनोसॉरच्या काळातले असलेच कोप्रोलाइट मिळतात, आणि २००५ साली त्यातच गवताचे अंश सापडले तेव्हा जगभर खळबळ उडाली, कारण त्या काळात गवत असेल असं कुणाला वाटतच नव्हतं. शेणातून केवढं ज्ञान निघतं बघा.

पैशाचं मात्र रडगाणं चालूच राहिलं. १८२० साली घरातलं सामान विकायची वेळ आली तेव्हा बर्च नावाच्या एका संग्राहकाने आपला संग्रह लिलावात काढला आणि आलेले चारशे पौंड ॲनिंग कुटुंबाला दिले. लाख माणूस. १८३३ मध्ये दरड कोसळली, मेरीचा ट्रे नावाचा कुत्रा तिच्या पायाशी चालत होता, तो तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला, ती एका हाताच्या अंतराने वाचली. तरी परत त्याच कड्यावर. ४७ व्या वर्षी, १८४७ साली, स्तनाच्या कॅन्सरने गेली.

आता हे सगळं बघायचं कुठे? लंडनला कुणाचं लेक-जावई असतील, कुणी फिरायला जाणार असेल, तर साउथ केन्सिंग्टनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम, १८८१ ला उघडलं, आत जायला तिकीट नाही. सगळं पब्लिक डायनोसॉरच्या रांगेत उभं असतं. तुम्ही तिकडे न जाता दुसऱ्या बाजूला जा, एक लांबलचक कॉरिडॉर आहे, भिंतीवर काचेमागे हे इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर चिकटवल्यासारखे, पोहता पोहता कुणीतरी थांबवल्यासारखे. त्या पहिल्या मगरीचं डोकं याच म्युझियमकडे आहे, धड मात्र कुठे हरवलं ते कळलेलं नाही. कॉरिडॉरमध्ये मेरीचं चित्रही आहे, हातात हातोडी, बाजूला झोपलेला कुत्रा.

कुणीतरी विचारेल, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर का नाही सापडत? तर आपला सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हा, बेसॉल्ट, त्यात समुद्राच्या तळाचा गाळ कुठून येणार. पण कच्छमध्ये आहे! भुजजवळ लोडाई गावापाशी साडेपाच मीटरचा इक्थिओसॉर मिळाला, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, २०१७ मध्ये जाहीर झाला, ज्युरासिक काळातला भारतातला पहिला. वाळवंटात समुद्राचा प्राणी. तो काढणाऱ्यांची नावं पेपरवर छापून आली, सगळ्यांची.

लाइममध्ये मेरीचा पुतळा उभा राहिला २०२२ साली, तिच्या वाढदिवसाला, तोही एका शाळकरी मुलीने हट्ट धरल्यामुळे. हातात हातोडी, पायाशी ट्रे, आणि ती चाललीये कड्याच्या दिशेने.