बघ्यांच्या नजरेतली इमारत

(दृश्य: पत्र्याच्या कुंपणातलं भोक. पलीकडे खोल खड्डा, सळयांचं जंगल.)

'बघ्या' हा शब्द आपण हिणवूनच वापरतो. पण उंच इमारतीचं काम चालू असताना कुंपणापाशी थबकलेल्या माणसाच्या डोक्यात हिशेब चालू असतो. गेल्या आठवड्यात स्लॅब कुठवर होता, आज कुठवर आला. क्रेन किती वर सरकली.

न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर सेंटर बांधत होते तेव्हाची गोष्ट सांगतात. धाकटे जॉन डी. रॉकफेलर काम बघत उभे होते, तर रखवालदाराने त्यांनाच हटकलं. मालकाला! पुढे १९३८ मध्ये तिथे बघ्यांसाठी चक्क उभं राहायची सोय झाली आणि गमतीचा एक क्लब निघाला, 'साइडवॉक सुपरिंटेंडंट्स क्लब'. फुकटच्या मुकादमांना सभासदत्वाची कार्डंसुद्धा मिळाली.

(दृश्य: काँक्रीटचा उघडा गाभा, भोवती अर्धवट मजले.)

अनेक टॉवरांत मधला काँक्रीटचा गाभा आधी चढतो. लिफ्ट आणि जिने त्यात. भोवतीचे मजले काही अंतर राखून मागून येतात. मला विचाराल तर इमारत सगळ्यात देखणी दिसते ती याच दिवसांत. भार कुठून कुठे उतरतो ते उघड्या डोळ्यांना कळतं. एखादा खांब सरळ खाली न येता मध्येच तिरका झाला, तर खाली काहीतरी मोकळं ठेवायचंय हे ओळखावं.

मग काच चढते आणि इमारत तोंड मिटून घेते.

जाहिरातीच्या चित्रात ही काच आरपार दिसते. आत पिवळे दिवे, हसरी माणसं. नीट बघा, यातली बरीच चित्रं संध्याकाळची असतात. भर दिवसा बाहेर उजेड जास्त आणि आत कमी, त्यामुळे काचेचा आरसा होतो. चित्रातला पारदर्शक मनोरा प्रत्यक्षात आभाळाची करडी नक्कल करत उभा राहतो. चित्र खोटं नसतं. त्याची वेळ तेवढी सोयीने निवडलेली असते.

(दृश्य: लंडन, २० फेनचर्च स्ट्रीट, खालून वर.)

लंडनची ही इमारत. लोक हिला 'वॉकी-टॉकी' म्हणतात. वर जावं तशी फुगत जाते, कारण वरच्या मजल्यांना भाडं जास्त. जिथे पैसा, तिथे जागा. वास्तुरचनाकार राफाएल विन्योली. २०१३ च्या उन्हाळअखेरीस, काम अजून चालू असताना, तिच्या दक्षिणेकडच्या अंतर्वक्र काचेने ऊन गोळा केलं आणि खालच्या रस्त्यावर ओतलं. तिथे उभ्या केलेल्या एका जग्वार गाडीचे काही भाग वितळले. एका पत्रकाराने तर तव्यात अंडं फोडून तिथेच तळून दाखवलं. पुढच्या वर्षी काचेवर आडव्या पट्ट्या बसवून ऊन अडवावं लागलं. याच रचनाकाराच्या लास व्हेगासमधल्या हॉटेलातही पोहण्याच्या तलावाकाठी त्याआधीच असाच चटका बसत होता. तेव्हा 'कुणाला कल्पना होती?' हा बचाव मला काही पटत नाही.

ही इमारत बांधू देताना माथ्यावरची सार्वजनिक बाग ही मोठी जमेची बाजू मानली गेली होती. बाग झाली, तिकीटही नाही. पण एरवी आधी वेळ नोंदवावी लागते, मग तपासणी, मग लिफ्ट. वाट चुकून सहज आत शिरता येत नाही अशा जागेला बाग म्हणावं का? २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या सर्वांत कुरूप नव्या इमारतीला मिळणारा 'कारबंकल कप' हिच्या वाट्याला आला.

(दृश्य: क्रायस्लर इमारतीचं शिखर.)

उंचीच्या आकड्यांवर मात्र बघेही भुलतात. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीची आणि ४० वॉल स्ट्रीटची चढाओढ चालली होती. क्रायस्लरवाल्यांनी ५६ मीटरचा सुळका इमारतीच्या पोटातच लपवून जुळवला आणि ऑक्टोबरमध्ये एका दिवशी वर काढला. स्पर्धा तिथेच संपली. बुर्ज खलिफाच्या ८२८ मीटरपैकी वरचे जवळपास २४४ मीटर माणसांच्या वापराचे नाहीत. मॅनहॅटनमधल्या ४३२ पार्क अव्हेन्यूला दर १२ मजल्यांवर दोन मजले मोकळे सोडलेत, वारा आरपार जावा म्हणून. हे कारण रास्त. पण यंत्रसामग्रीची जागा बांधकाम क्षेत्रफळात धरत नाहीत, या नियमाचा फायदा घेत, ती जागा उंचच उंच पोकळ ठेवून, तिथले निवासी टॉवर वर वर जात राहिले. अखेर २०१९ मध्ये शहराने अशा अवाजवी उंच पोकळ्यांवर नियम आणला.

(दृश्य: माथ्यावरची क्रेन.)

शेवटी क्रेन उतरवायची असते. माथ्यावर तिच्याहून लहान क्रेन जोडतात, ती मोठीला सुटी करून खाली सोडते. मग त्या लहानीला उतरवायला आणखी लहान. सगळ्यात शेवटच्या क्रेनचे तुकडे कामगार हाताने उचलून लिफ्टने खाली आणतात.

बाहेरून सामान नेणारी तात्पुरती लिफ्ट, म्हणजे होइस्ट, काढली की तिच्या मागची काच सर्वांत उशिरा बसते, आणि कधीकधी ती वेगळ्या खेपेतली असते. कलत्या उन्हात रस्त्याच्या पलीकडून बघावं. तळापासून माथ्यापर्यंत एक उभी पट्टी, जराशी निराळ्या छटेची.