लांबी एक, जहाजे दोन

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन बंदराच्या पूर्व गोदीचे हे दृश्य खाडीपलीकडून, हाइथच्या किनाऱ्यावरून टिपलेले आहे. काळ्या अंगाची आणि लाल धुराड्याची ती क्वीन मेरी २. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ब्रिटिश ध्वज रंगवलेली, पांढरीशुभ्र, ती आयोना. दोघींचीही लांबी सुमारे ३४५ मीटर भरते. तरीही मोठी कोणती, यावर जहाजे पाहायला येणाऱ्यांत हटकून वाद होतो आणि तो टनेजच्या आकड्याने मिटवला जातो: आयोनाचे १ लाख ८४ हजारांहून अधिक, क्वीन मेरीचे सुमारे १ लाख ४९ हजार. हे टनेज म्हणजे वजन नव्हे, तर जहाजाच्या पोटातील बंदिस्त जागेचे माप होय. त्यावरून आत किती मावते ते कळते. भर समुद्रात जहाज कसे वागेल, हे कळत नाही. त्यासाठी नाळेकडे पाहावे लागते.

क्वीन मेरीची ही नाळ पाहा. ती लांब आणि निमुळती आहे, तिच्यामागे डेकवर चढणारे पाणी अडवणारी भिंत आहे आणि वरचे मजले बरेच मागे सुरू होतात. २००४ मध्ये सेवेत आलेले हे जहाज लायनर आहे, म्हणजे हवा कशीही असो, ठरलेल्या तारखेला अटलांटिक ओलांडण्यासाठी ते बांधलेले आहे. तिचे अभिकल्पक स्टीफन पेन यांनी जीवरक्षक नौकाही पाण्यापासून सुमारे २५ मीटर उंच टांगल्या, कारण नेहमीच्या उंचीवर उत्तर अटलांटिकच्या लाटा त्यांना गाठू शकतात. पुढच्या डेकवर शिल्पासारखी मांडलेली ही वळणदार पाती शोभेची नाहीत; ती तिला पाण्यात पुढे ढकलणाऱ्या पंख्यांची राखीव पाती आहेत.

आयोनाचे मजले नाळेच्या जवळूनच उभे राहतात. बाजूंना बाल्कन्यांच्या रांगा आहेत, वर काचेचा घुमट आहे आणि नौका धक्क्यापासून फारशा उंच नाहीत. क्वीन मेरीत सुमारे २,७०० प्रवासी मावतात, हिच्यात ५,२००. आयोनाला बेढब म्हणणारे तिच्यावर अन्याय करतात, असे आम्हाला वाटते. सहलीच्या जहाजाने वादळ अंगावर घ्यावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते.

उभ्या जहाजांच्या धुराचा शहराला त्रास होतो. २०२२ पासून येथील काही टर्मिनलांवर किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय झाली आहे, म्हणजे तेथे उभ्या जहाजांना विजेसाठी इंजिने चालू ठेवावी लागत नाहीत.

आता दोर सुटत आहेत. क्वीन मेरीच्या धुराड्यावरील भोंग्यांपैकी एक १९३६ च्या मूळ क्वीन मेरीवरचा आहे आणि त्याचा आवाज १० मैलांपर्यंत जातो, असे सांगतात. तो पुरता ऐकू यावा म्हणून येथे निवेदन थांबवतो.