थंड पाणी म्हणजे एकच पाणी नव्हे

नमस्कार मंडळी! दांडिया बाजारातून ऐकताय की मांडवीतून, आज जरा माझ्याबरोबर समुद्रावर चला. डिसेंबरात आम्ही ओख्याला गेलो होतो, ओहोटीला सरगॅसम नावाच्या समुद्री शेवाळाचं एक झुडूप उचललं तर खाली लिंबाएवढा दगड तसाच चिकटून आला, आणि नात म्हणाली, आजोबा, ही मुळं का? म्हटलं नाही गं, ही नुसती पकड, जेवण तर अंगभर पाण्यातूनच घेतं ते. म्हणून तर पाणी कसं आहे यावर शेवाळाचं सगळं गणित!

आता केल्प घ्या, म्हणजे थंड समुद्रातली मोठाली तपकिरी शेवाळं. जायंट केल्प ४५ मीटरपर्यंत जातं, सगळं जमून आलं तर दिवसाला अर्धा मीटर वाढतं, पण आपल्या किनाऱ्यावर त्याची जंगलं नाहीत, कॅलिफोर्नियाला आहेत, चिलीला आहेत, कारण तिथे खोलातलं गार पाणी वर येतं आणि येताना नायट्रेट घेऊन येतं, म्हणजे नुसता गारवा नाही तर खतसुद्धा!

दक्षिण आफ्रिकेत तर एकाच देशात दोन समुद्र. पश्चिमेला बेंग्वेलाचा थंड प्रवाह, तिथे एक्लोनिया नावाच्या केल्पची दाट जंगलं, आणि अगुल्हास भूशिराच्या पूर्वेला गेलात की गरम प्रवाह लागतो, मग ती जंगलं विरळ होत संपतात नि शेवाळांची वस्तीच बदलते.

पण मला सगळ्यात भारी वाटतात ते ध्रुव. दोन्हीकडे बर्फच, तरी अंटार्क्टिकाचं पाणी कोट्यवधी वर्षं गार आणि बाकी जगापासून तुटलेलं, त्यामुळे तिथल्या शेवाळांच्या साधारण एक तृतीयांश जाती दुसरीकडे कुठेच नाहीत. आर्क्टिकचा गारठा त्यामानाने नवा, अटलांटिकशी येजा चालू, म्हणून खास स्वतःच्या अशा जाती थोड्याच. काठावरचे खडक तर दोन्हीकडे बर्फ खरवडून काढतो, जे काय टिकतं ते खाली, खोलात.

आर्क्टिकच्या त्या थोड्या खास जातींतलं एक केल्प म्हणजे लॅमिनेरिया सॉलिडंग्युला. उन्हाळ्यात उजेड असतो पण नायट्रेट संपलेलं, हिवाळ्यात नायट्रेट भरपूर पण वर बर्फ आणि मिट्ट काळोख, मग हे काय करतं, तर उन्हाळ्यात साखर साठवून ठेवतं आणि नवं पातं वाढवतं ते त्या काळोखात, साठवणीवर. आपल्या आज्या पावसाळ्याआधी बेगमी करायच्या ना, अगदी तसं!