आरसेमहाल आणि बुरुज

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राजवळच्या मिठागरांच्या पट्ट्यात एग-मोर्त नावाचं तटबंदीचं जुनं गाव आहे. तिथे जाडजूड भिंतींचा एक गोल बुरुज आहे. त्याच्या वरच्या दालनात जमिनीच्या मधोमध एक भोक आहे आणि त्याच्या दगडी काठावर एकच शब्द कोरलाय, 'रेझिस्ते'. म्हणजे ठाम राहा, हटू नका. वर्णलेखन चुकलेलं, अक्षरं वेडीवाकडी. हा शब्द मारी द्युराँनं कोरला, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. १७३० साली मारीला इथे आणलं तेव्हा ती १९ वर्षांची होती. सुटली १७६८ साली. अडतीस वर्षं!

तिचा गुन्हा कोणता? तिचा भाऊ प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होता, एवढाच. 'मी माझा पंथ सोडते' असं ती म्हणाली असती, तर दार उघडलं असतं. ती तसं म्हणाली नाही.

या बुरुजाची गोष्ट एका राजवाड्यापासून सुरू होते. पण त्याआधी थोडं मागे जाऊ. ऑगस्ट १५७२ मध्ये पॅरिसमध्ये एक शाही लग्न झालं. नवरा प्रोटेस्टंट, नवरी कॅथलिक. लग्नानंतर आठवडाही उलटला नव्हता आणि लग्नासाठी जमलेल्या प्रोटेस्टंटांची, म्हणजे ह्यूगनॉटांची, कत्तल सुरू झाली. तो नवरदेव वाचला, पुढे कॅथलिक झाला आणि चौथा हेन्री म्हणून राज्य करू लागला. १५९८ साली त्यानं नांतचं फर्मान काढलं. राज्याचा धर्म कॅथलिकच राहिला, पण ह्यूगनॉटांना ठरावीक ठिकाणी उपासना करायची आणि सरकारी पदं मिळवायची मुभा मिळाली. रक्ताला कंटाळलेल्या देशानं केलेली ही तडजोड होती. मला ती फार मोलाची वाटते.

त्याचा नातू चौदावा लुई. १६६१ पासून त्यानं सगळा कारभार स्वतःच्या हाती घेतला. 'एक राजा, एक कायदा, एक धर्म' ही म्हण फ्रान्समध्ये जुनीच होती. लुईनं ती खरी करायचं मनावर घेतलं. त्याच्याच आश्रयानं मोलिएरची नाटकं रंगली, ल्युलीचं संगीत बहरलं. व्हर्सायच्या त्याच्या राजवाड्यातला आरसेमहाल १६८४ मध्ये पुरा झाला. हे वैभव खरंच थक्क करणारं आहे आणि त्याचं कौतुक करायला मला मुळीच संकोच वाटत नाही. पण त्याच राजाचे घोडेस्वार शिपाई १६८१ पासून ह्यूगनॉटांच्या घरात मुक्कामाला घातले जात होते. घरमालकाच्या पैशानं खायचं-प्यायचं, सामानाची मोडतोड करायची, रात्रभर ढोल बडवून माणसांना झोपू द्यायचं नाही. पंथ बदलला की शिपाई उठून शेजारच्या घरी जात. गावंच्या गावं 'बदलली'. तशा याद्या राजापुढे गेल्या आणि ऑक्टोबर १६८५ मध्ये फोंतेनब्लोला नवं फर्मान निघालं. बहुतेक ह्यूगनॉट आता कॅथलिक झालेच आहेत, तेव्हा नांतच्या फर्मानाची गरज उरली नाही, असं त्यात लिहिलं होतं. प्रार्थनामंदिरं पाडा. धर्मोपदेशकांनी १५ दिवसांत देश सोडावा. बाकीच्यांनी मात्र सोडायचा नाही! पळताना सापडलेल्या पुरुषांना जन्मभर जहाजावर वल्ही मारायची शिक्षा.

तरीही सुमारे दोन लाख लोक निसटले. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये रेशमाचे माग सुरू झाले, बर्लिनमध्ये फ्रेंच वस्ती वाढली. इंग्रजीतला 'रेफ्युजी' हा शब्द याच लोकांमुळे रुळला. गोव्यात आणि गोवळकोंड्यात हिऱ्यांसाठी फिरलेला, लुईला प्रसिद्ध निळा हिरा विकणारा व्यापारी ताव्हेर्निए हाही प्रोटेस्टंटच. राजानं त्याला सरदारकी दिली होती. १६८९ साली तो वारला, तोही फ्रान्सपासून दूर मॉस्कोत.

त्याच वर्षी व्होबाँ या राजाच्याच किल्लेबांधणी तज्ज्ञानं एक टिपण लिहिलं. ह्यूगनॉटांना परत बोलवा, आपले खलाशी आणि सैनिक शत्रूला जाऊन मिळालेत. राजा प्रजेच्या प्राणांचा आणि मालमत्तेचा धनी असेल, मतांचा कधीच नाही, असं त्यानं बजावलं. एवढं स्पष्ट बोलायला काय धैर्य लागलं असेल! कुणी ऐकलं नाही.

जे मागे उरले ते रात्री डोंगरदऱ्यांत जमून स्तोत्रं गात. आपल्या मंडळीला ते 'अरण्यातली मंडळी' म्हणत. मारीचा भाऊ पिएर तिथेच उपदेश करायचा. १७३२ साली माँपेलिएला त्याला फाशी दिलं. बहीण बुरुजात होती. तिथून ती पत्रं लिहायची. सोबतच्या बायकांसाठी मदत मागायची, आपल्या भाचीची चौकशी करायची.

सुटका झाली तेव्हा ती सत्तावन्न वर्षांच्या आसपास होती. ती आपल्या गावी, जन्मघरी परतली आणि १७७६ साली तिथेच वारली. त्यानंतर अकरा वर्षांनी, १७८७ मध्ये, ह्यूगनॉटांचे जन्म, विवाह आणि मृत्यू सरकारदप्तरी नोंदवायची परवानगी देणारं फर्मान निघालं. ते निघालं व्हर्सायहून.

नमस्कार.