मार्जरीची संमती

[पेझली ॲबी, दगडी मूर्ती]
छातीवर हात जोडून आडवी असलेली ही स्त्री म्हणजे स्कॉटलंडची राजकन्या मार्जरी ब्रूस, असं इथे मानतात. समाधीचे सुटे तुकडे एकोणिसाव्या शतकात जुळवले. मूर्ती तिचीच, अशी हमी नाही.

[टेन, छप्पर नसलेलं प्रार्थनामंदिर]
मार्जरी ही रॉबर्ट ब्रूसला पहिल्या बायकोपासून झालेली एकुलती एक मुलगी. मार्च १३०६ मध्ये वडील स्कोनला स्कॉटलंडचे राजे झाले आणि जूनमध्ये मेथव्हेनला इंग्रजांकडून सपाटून हरले. घरच्या बायकांनी उत्तर गाठली, टेनला संत डुथॅकच्या आश्रयाला आल्या. तिथून कुणाला ओढून न्यायचं नाही, असा रिवाज. रॉसच्या अर्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने, तो मोडला आणि सगळ्यांना इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या हवाली केलं. आत्या मेरीला रॉक्सबरोच्या किल्ल्यात पिंजऱ्यात कोंडलं. मार्जरीसाठीही लंडनच्या टॉवरमध्ये पिंजऱ्याचा हुकूम निघाला होता. वय दहाच्या आसपास! मग एडवर्डने विचार बदलला आणि तिला यॉर्कशरमधल्या वॉटनच्या मठात धाडलं.

१३१४ मध्ये बॅनकबर्नची लढाई जिंकल्यावर हेरफर्डचा इंग्रज अर्ल ब्रूसच्या हाती लागला. त्याच्या बदल्यात ती सुटली, तब्बल आठ वर्षांनी.

[एअर, नदीकाठ]
आणि एप्रिल १३१५ मध्ये, इथे एअरला, सभा बसली. राजाला मुलगा नव्हता. ठरलं असं: मुलगा झालाच नाही तर गादी राजाच्या भावाकडे, एडवर्ड ब्रूसकडे. मग त्याच्या मुलग्यांकडे. तेही नसतील, तरच मार्जरीकडे. एडवर्ड लढाईत मुरलेला, हे कारण. मार्जरीची संमती होती, अशी नोंद ठरावात आहे. नुकत्याच कैदेतून आलेल्या पोरीला नाही म्हणायची सोय होती का, याची नोंद कोण करणार?

त्याच वर्षी तिचं लग्न वॉल्टरशी झालं. त्याच्या घराण्यात राजाच्या मुख्य कारभाऱ्याचं पद पिढीजात, हाय स्ट्युअर्डचं. १३१६ मध्ये मुलगा झाला, रॉबर्ट.

[पेझली, रस्त्याकडेचा दगड]
मार्जरी घोड्यावरून पडून वारली, असं पेझलीकर सांगतात. हा दगड त्याची खूण.

[नाणी, राजमुद्रा]
एडवर्ड ब्रूस १३१८ मध्ये आयर्लंडमध्ये लढाईत पडला. राजाला पुढे झालेला मुलगा डेव्हिड १३७१ मध्ये निपुत्रिक वारला. गादी आली मार्जरीच्या रॉबर्टकडे, त्याच्या ५५ व्या वर्षी. त्याचं स्ट्युअर्ट घराणं १७१४ पर्यंत चाललं आणि ॲन राणीवर थांबलं.