गोळीचं घड्याळ

(इंदूरमधल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला, तो आमच्यामुळे. माझे यजमान समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना पार्किन्सन्स आहे हे कळून अकरा वर्षं झाली. आज त्यांची चारची गोळी लागायला, म्हणजे तिचा परिणाम सुरू व्हायला, वेळ लागला. रिक्षा दारात उभी होती, आणि यांचे पाय उंबरठ्याशी जमिनीला चिकटल्यासारखे झाले. आम्ही थांबलो. गोळी लागली, पाय सुटले, आलो. मला आज याच थांबण्याबद्दल बोलायचं आहे. जे सांगणार आहे ते त्यांना विचारूनच सांगते आहे. दोन गोष्टी सांगू नकोस म्हणाले, त्या सांगणार नाही.

आपल्याकडे या आजाराला कंपवात म्हणतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी 1817 साली सहा रुग्णांवर एक निबंध लिहिला. त्यातले काही त्यांनी रस्त्यावर चालतानाच पाहिले होते. त्यांनीही नाव दिलं ते थरथरणाऱ्या लकव्याचं. दोन्ही नावांत कंप पहिला, आणि त्या नावानंच आमची फसगत केली. यांचा हात कधी थरथरलाच नाही. कितीतरी रुग्णांचा थरथरत नाही. हालचाली मंदावणं आणि स्नायू ताठरणं ही यातली मोठी लक्षणं. आणि उलटही खरं आहे. कप उचलताना, सही करताना हात कापतो तो बहुतेक वेळा दुसराच विकार असतो. पार्किन्सन्सचा कंप हात मांडीवर स्वस्थ असताना जास्त दिसतो.

आम्ही दीड वर्ष खांदा आखडला म्हणून शेक आणि मालिश करत होतो. पहिल्यांदा लक्षात आलं ते राजवाड्याजवळ बसणाऱ्या चपला शिवणाऱ्या काकांच्या. ते म्हणाले, "बाबूजी, आपकी बाईं चप्पल ही आगे से घिसती है, पाँव घसीटते हो क्या?" घरी येताना मी मागे राहून यांचं चालणं पाहिलं. डावा पाय खरंच घासत होता, आणि डावा हात चालताना हलतच नव्हता, कडेला नुसता लोंबत होता. बत्तीस वर्षं मी या माणसाच्या शेजारून चालले होते, मागून कधी पाहिलं नव्हतं.

मग मागच्या गोष्टी आठवायला लागल्या. त्याआधी कितीतरी वर्षं यांना फोडणी करपल्याचा वास येईनासा झाला होता. बद्धकोष्ठ होतं. रात्री झोपेत ओरडायचे, लाथा मारायचे, एकदा पलंगावरून पडले. आम्ही त्याला वाईट स्वप्नं म्हणत होतो. हात-पाय मंदावण्याच्या आधी अनेक वर्षं ही लक्षणं दिसू शकतात. म्हणून वास गेला की पार्किन्सन्सच, असं मुळीच समजू नका. पण अशा गोष्टी एकत्र आल्या तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. रक्त तपासून याचं निदान होत नाही. डॉक्टर चालायला लावतात, बोटं आपटायला लावतात, मनगट फिरवून पाहतात, त्यावरून कळतं.

आत काय बिघडतं? मेंदूत खोलवर काळसर रंगाचा एक छोटा भाग आहे. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात, आणि त्याच्या जोरावर आपली हालचाल विनासायास होते. या पेशी हळूहळू मरतात. लक्षणं दिसेपर्यंत त्यांतला मोठा हिस्सा गेलेला असतो. का मरतात हे बहुतेकांच्या बाबतीत सांगता येत नाही, म्हणून 'मी असं काय केलं होतं' हा प्रश्न स्वतःला विचारणं सोडून द्या. यांनी तो फार दिवस विचारला.

उपचाराच्या गोष्टीत आपल्या मातीतल्या दोन वनस्पती येतात. सर्पगंधेपासून रेसर्पिन काढतात, ते मेंदूतलं डोपामिन कमी करतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1950च्या दशकात ते सशांना दिलं, तेव्हा ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो ते, टोचलं, तर ते उठून फिरू लागले. या कामासाठी त्यांना 2000 साली नोबेल मिळालं. दुसरी खाजकुइली. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं हे 1937 सालीच दोन भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. पण गोळ्या चालू असताना कुणी सांगितलं म्हणून वर तिचं चूर्ण घेऊ नका. चूर्णात औषध किती आहे हे चमच्याला कळत नाही. घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या.

आता घड्याळाकडे येते. आमची गोळी याच लेव्होडोपाची. सुरुवातीची काही वर्षं ती दिवसभर साथ देते. दोन डोसांच्या मधल्या वेळात मेंदू उरलेल्या पेशींमधल्या साठ्यावर भागवतो. पेशी कमी झाल्या की साठाही कमी, आणि मग माणूस थेट गोळीच्या तालावर चालतो. गोळी लागली की उठतो, बोलतो, जिना चढतो. उतरली की शर्टाचं एक बटण पाच मिनिटं घेतं. पाहुण्यांना वाटतं, आत्ता तर चांगले होते, आता मुद्दाम करतात. माझ्या वन्संना असंच वाटलं होतं. आमच्यात दोन वर्षं अबोला होता.

शिवाय गोळीचं आणि जेवणाचं जमत नाही. लेव्होडोपा ज्या वाटेनं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातं, त्याच वाटेनं प्रथिनांचे घटकही जातात. गर्दी झाली की औषध मागे राहतं. आमच्याकडे रविवारी दाल-बाफले, म्हणजे कणकेचे गोळे आणि भरपूर डाळ. यांची दुपारची गोळी रविवारी लागायचीच नाही, आणि हे ओळखायला मला चार महिने लागले. आता गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी पाण्याबरोबर, आणि दाल-बाफले रात्री. बंद केले नाहीत. इंदूरच्या माणसाचं खाणं बंद करून त्याला जगवण्यात काय अर्थ आहे! मात्र डाळ, दूध मनानं तोडू नका. वजन घटणं या आजारात आधीच असतं.

तीन वर्षांपूर्वी यांना एका रुग्णालयात दाखल करावं लागलं, आजार दुसराच होता. तिथे औषधं आठ, दोन, आठ अशी ठरलेली. यांची गोळी दर साडेतीन तासांनी. मी सांगत होते, पण वॉर्डाचं वेळापत्रक बदललं नाही. दुसऱ्या दिवशी यांना कुशीवर वळता येईना. त्यातच मळमळते म्हणून मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं गेलं. ते मेंदूत डोपामिनलाच अडवतं. तो माणूस माझ्याकडे नुसता पाहत होता, पापणीसुद्धा हलत नव्हती. ते दोन दिवस मी विसरणार नाही. हात जोडून सांगते, रुग्णाच्या खिशात गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद ठेवा, आणि चालत नाहीत अशा औषधांची नावंही. ॲसिडिटीच्या कित्येक जोडगोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं, त्यानंही हाच त्रास होतो. आणि पार्किन्सन्सची गोळी एकदम कधीही बंद करू नका. जबर ताप येऊन, अंग लाकडासारखं ताठरून जिवावर बेतू शकतं.

मेंदूत तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मला सारखं विचारतात. ती फ्रान्समधल्या ग्रेनोबलला 1987 साली सुरू झाली, आज आपल्या देशातही होते. आजार त्यानं बरा होत नाही. गोळीचा उपयोग होतो पण दिवसाचे चढउतार आवरत नाहीत, अशा निवडक रुग्णांना तिचा फायदा होतो. ते डॉक्टर तपासून ठरवतील. मला घरातलं बोलू द्या.

चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात. माझी नात चार वर्षांची होती, म्हणाली, "आजोबा माझ्यावर रागावलेत." मी तिला म्हटलं, आजोबांचा हात धर, ते हाताला हळूच दाबतील, तेव्हा ते हसतायत. तिला ते लगेच पटलं. मोठ्यांना पटायला वेळ लागतो. आवाज बारीक होतो, तसं अक्षरही बारीक होतं. बँकेत सही जुळेना, चार माणसांदेखत तीनदा करायला लावली. खातं जोडीचं आधीच करून घ्या. आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचं नाव आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. त्यात लाज कसली?

पाय अडकले की काय करायचं? ओढायचं नाही. मी सुरुवातीला हात धरून ओढत होते, आणि ते पडत होते. एक पायरी चढायची असल्यासारखा पाय उचला म्हणावं, किंवा ताल द्यावा. यांनी लहानपणी गणपतीत लेझीम खेळली आहे. मी शेजारी उभी राहून "एक दोन तीन चार" म्हणते आणि चारावर पाऊल पडतं. उंबरठ्याच्या अलीकडे अंगणात मी गेरूचे आडवे पट्टे ओढले आहेत. सपाट फरशीवर अडकलेला माणूस पट्टा दिसला की तो ओलांडतो. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, बरोबर आहे, सवयीची वाट बिघडली की मेंदू डोळ्यांच्या आणि कानांच्या वाटेनं चालू शकतो.

बटण मात्र मी लावत नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. लावून टाकलं की दोन सेकंदांत काम होतं, आणि सहा महिन्यांत ती बोटं ते काम विसरतात. आता आम्ही निघायच्या पाऊण तास आधी तयारीला लागतो. घरच्यांनी उदासीकडेही पाहावं. ती मनाची कमजोरी नाही, आजाराचाच भाग आहे, तिला औषध आहे. कोपऱ्यात लहान मूल बसलंय असा भास रुग्णाला झाला तर त्याच्याशी वाद घालू नका, डॉक्टरांना कळवा.

पुण्याकडे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तिथे पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. आपल्या इंदुरात असे शुभंकर किती घरांत एकटे आहेत ते मला माहीत आहे, कारण मी आठ वर्षं एकटी होते. गेल्या वर्षी मुलगा म्हणाला, "आई, तू शेवटची कधी बाहेर पडलीस?" मला आठवेना. आता गुरुवारी दुपारी सून घरी असते आणि मी भजनाला जाते. यांचीही माझ्यापासून तेवढी सुटका होते, असं तेच म्हणाले, आणि ते खरं आहे.

वाचनालयानं आपल्याला तळमजल्यावरची ही खोली महिन्यातून एकदा द्यायचं कबूल केलं आहे. पहिल्या बुधवारी भेटू. वेळ सकाळी अकराची ठेवली आहे, कारण दहाची गोळी बहुतेकांना तोवर लागलेली असते. ज्यांना लागली नसेल त्यांच्यासाठी साडेअकराला सुरू करू.